गिऱ्हाईक क्रमांक चारशे सतरा

आमच्या खेळात गाडी विकणं फार सोपं होतं.
किंमत थोडी उतरवायची, जाहिरातीचा आकडा वर ओढायचा,
'पुढचा महिना' दाबायचं,
की अठराशे गाड्या कारखान्यातून निघून
अठराशे घरांसमोर उभ्या.
मायलेज किती, कुणी विचारलं नाही.
बॉनेटवर टकटक करून कुणी पाहिलं नाही.

बावधनला, तिसऱ्या मजल्यावर, दुपारी साडेतीनला
रुबिना तांबोळी हेडफोन काढून म्हणाली,
"चौदाव्यांदा कोट्यधीश झाले. कंटाळा आला."
तिच्या पगारात कंटाळा बसत नाही,
म्हणजे खरंच आला असणार.

मी मागणीचा वक्र उघडून पाहिला.
इतका गुळगुळीत,
की पुण्यातला वाटेना.

शनिवारी गेलो सहकारनगरला, खळदकरांकडे.
एकतीस वर्षं शोरूममध्ये उभ्यानं काढलेला माणूस,
आता गुडघ्याला पट्टा.
मी लॅपटॉपवर सूत्र दाखवलं:
किंमत, दर्जा, नाव, जाहिरात, आणि एक गुणाकार.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"यात मेव्हणा कुठंय?"

"कुणाचा?"
"गिऱ्हाइकाचा. पहिल्यांदा माणूस एकटा येतो,
माहितीपत्रक घडी करून खिशात घालतो. तो घेत नसतो.
दुसऱ्यांदा मेव्हण्याला आणतो.
मेव्हण्याला गाड्यांतलं कळतं, असं घरात ठरलेलं असतं.
तो दार आपटतो. दोनदा.
तुमचा निम्मा दर्जा त्या आवाजात.
तिसऱ्यांदा आई मागच्या सीटवर बसते.
कात्रजच्या घाटात गाडी कशी चढते, कुणी पाहत नाही,
आत घेताना आईचा पाय अडतो का,
तेवढंच."

मी टिपत गेलो.
पितृपक्षात काउंटरवर माश्या.
दसऱ्याला पेढे संपतात, रांग संपत नाही.
पांढरी सांगतात, लाल नेतात.
नंबरची बेरीज नऊ.

"आणि सवलत?"
"द्यायची. पण आत जाऊन यायचं.
साहेबांना विचारतो म्हणायचं.
आत कुणी नसायचं हो. मी पंख्याखाली उभा राहून
शंभर मोजायचो.
लगेच दिली की माणसाला वाटतं, आपण फसलो."

चहावर साय धरली.
ते उगाच पट्टा सैल करत राहिले, मग म्हणाले,
"एक बाई होत्या. सात वेळा आल्या.
दरवेळी त्याच निळ्या गाडीत
स्टिअरिंगवर हात ठेवून बसायच्या.
घेतली नाही कधीच.
ते कुठल्या खात्यात टाकाल?"

सोमवारी मी वक्र पुसला.
त्या जागी एकेक माणूस बसवला,
प्रत्येकाला एक मेव्हणा, कुणाचा तरी गुडघा,
आणि एक लहानसा आकडा, ज्याला नाव सुचेना.
शेवटी लिहिलं: घुटमळ.

रुबिनाची कंपनी अकराव्या महिन्यात बुडाली.
गोदामात सहाशे पांढऱ्या गाड्या,
नवं मॉडेल ऐन पितृपक्षात बाजारात.
तिनं मला एक सणसणीत शिवी हासडली, हसत,
आणि पहिल्यापासून सुरू केलं.

साडेसातला ऑफिस रिकामं झालं, ती उठेना.
मी मागे जाऊन उभा राहिलो.
पडद्यावर शोरूम, एकच दिवा,
गिऱ्हाईक क्रमांक चारशे सतरा
पाचव्यांदा आलेलं,
निळ्या गाडीत बसलेलं.
तिच्या खात्यातले आकडे मला दिसतात:
या वर्षी जमणार नाही. पुढच्या तीनही नाही.

"हिला उठवायचं बटण आहे?"
"आहे. जागा मोकळी होते.
विक्री दोन टक्क्यांनी वाढते."

रुबिनानं माउसवरचा हात काढला.
पडद्याकडे पाहतच खुर्ची मागे सरकवली.
"मी जरा आत जाऊन येते," म्हणाली.

आत आमच्याकडे कॉफीचं बंद पडलेलं मशीन आहे,
आणि एक पंखा.